शेततळ्याच्या कागदाला ठिगळ

"म्याडम, तीन ट्यूब सोल्युशन संपलं. कागद धरतच न्हाई बघा!"

गेवराईजवळच्या एका गावात, दुरुस्तीला बोलावलेली मी, सामायिक शेततळ्याच्या काठावर उभी होते. पाणीवाटप सहकारी संस्थेचे चेअरमन दत्तूअण्णा पंक्चर काढायच्या सोल्युशनची रिकामी ट्यूब माझ्यासमोर नाचवत होते. तळ्यात अंथरलेलं काळं प्लास्टिक घडीवर फाटलं होतं. चीर काठाजवळ सुरू होऊन पाण्यात दोन हात खाली गेली होती.

साल दुष्काळाचं. आठवड्यानं कॅनॉलचं आवर्तन येणार होतं, म्हणजे धरणातून ठरवून सोडलेलं पाणी. पावसाळ्याआधीचं ते शेवटचं. त्याआधी चीर बुजली नाही तर भरलेलं तळं जमिनीत जिरणार आणि मोसंबीच्या बागा वाळणार.

आमच्याकडे या प्लास्टिकला सगळे 'कागद' म्हणतात. कागद म्हटलं की माणूस चिकटवायलाच जातो! खरं तर ते पॉलिथिलीन. मटेरियल्स इंजिनिअरिंगला मला पॉलिमर, फायबर आणि टेक्स्टाइल हे विषय होते. पॉलिथिलीनला साधा डिंक, सोल्युशन काही धरत नाही, हे तिथं सुरुवातीलाच शिकवतात. त्याच जातीचं ठिगळ गरम हवेच्या गननं वितळवून लावावं लागतं, म्हणजे प्लास्टिकचं वेल्डिंगच. मग दोन्हीकडच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात. गुळाचे दोन खडे तापले की एकजीव होतात, तसं.

"पण जागा कोरडी पाहिजे," मी म्हणाले. "पाणी चिरेच्या खाली उतरवावं लागेल."

"दुष्काळात पाणी उपसायचं? लोक मलाच तळ्यात बुडवतील की!"

"अण्णा, चिरेच्या वरचं पाणी तसंही राहणार नाही. ते जमिनीला द्यायचं की झाडांना, एवढंच ठरवा."

हे त्यांना पटलं. घोडं अडलं ते पुढेच. संस्थेचं पाणी पाळीनं मिळे आणि पाळी वरच्या रानापासून सुरू होई. पहिलं रान अण्णांचं, शेवटचं शांताबाईंचं. शांताबाईंच्या मोसंबीला यंदा पहिल्यांदा फळ धरलं होतं आणि झाडं माना टाकत होती. वरून सुरुवात केली तर त्यांच्यापर्यंत काही येणारच नव्हतं.

पहिली मीटिंग नुसत्या आरडाओरड्यात गेली. मी गन घेऊन पाहुण्यासारखी बसून. दुसऱ्या दिवशी शांताबाई उठल्या.

"पाणी वरूनच का म्हून?"

"नियम हाय, वहिनी," अण्णा म्हणाले.

"नियम पाळीच्या पाण्याला हाय. हे पाळीचं पाणी न्हाई. हे गळतीचं हाय."

गळतीच्या पाण्याचा नियम कुणी केलाच नव्हता! अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हसायलाच लागले. "बरं बाई. गळतीचं पाणी खालून वर."

खरं सांगते, मला टाळी वाजवावीशी वाटली.

पंप सुरू झाला. शांताबाईंचं रान आधी भिजलं. पाणी चिरेखाली उतरल्यावर मी जागा पुसून, सुकवून ठिगळ लावलं. शांताबाई शेजारीच बसल्या होत्या.

"तुमी कापडाचं शिकलाव म्हणं. मग हितं कशा?"

"तुमची ही पॉलिस्टर साडी आणि हा कागद चुलतबहिणी. दोघी पॉलिमरच."

"म्हणून इस्त्री चिकटती व्हय!"

आवर्तन आलं, तळं काठोकाठ भरलं. अण्णांनी पाण्याच्या कडेला खडूची रेघ मारली. दुसऱ्या सकाळी पाणी रेघेलाच होतं. अण्णा ते दिसेल त्याला हाताला धरून दाखवत होते. शांताबाईंची मोसंबी तगली.

ठिगळाला एक सकाळ पुरली. पाणी आधी कुणाला, हे ठरायला दोन दिवस लागले. तेव्हापासून कामाचं वेळापत्रक करताना मी मीटिंगचे दिवस आधी धरते, वेल्डिंगचे तास नंतर.