गाळलेली स्लाइड

नागसेन बोलायला लागला की माणसं फोन खिशात ठेवतात, सिंगापूरच्या हौगांगात कुणालाही विचारा. दिवसभर लॅबमध्ये आनुवंशिक आजारांवर काम करायचं आणि घरी चहा पितानाही तेच बोलायचं, असा हा गडी. म्हणून मरीन परेडच्या निशिकांतनं आपल्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, हॉलमध्ये मराठी मंडळींसाठी त्याचं भाषण ठेवलं, तेव्हा बापलेक दोघंही हरखली. बारा वर्षांच्या लेकीनं, प्रियदर्शिनीनं, स्लाइड्स स्वतः केल्या.

वाटाण्याची रोपं वाढवणारा मेंडेल, मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं हे पिठातल्या किड्यांवरून ताडणारी नेटी स्टीव्हन्स, बाटल्यांत माश्या पाळणारा मॉर्गन. आणि शेवटची स्लाइड: याच शास्त्राच्या पहिल्या पिढीतले कितीतरी विद्वान वरचं रक्त, खालचं रक्त मानायचे, आणि त्या खुळापायी अमेरिकेत गोरगरिबांची जबरदस्तीनं नसबंदी झाली.

"बाबा, धिस वन मोस्ट इम्पॉर्टंट ला," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली होती.

हॉलच्या दारातच निशिकांतनं विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" नागसेननं सांगितलं. "अच्छा, अच्छा," निशिकांत म्हणाला, आणि झालं! एवढ्यानंच नागसेन मनातल्या मनात शेवटची स्लाइड चाळायला लागला. आता आपण रक्ताबिक्ताचं बोललो, की हे म्हणणार, यांना जिथंतिथं जातच दिसते.

भाषण मात्र फक्कड रंगलं. माश्यांच्या किश्शाला हशा पिकला. शेवटची स्लाइड यायच्या आत त्यानं लॅपटॉपपाशी बसलेल्या लेकीला खूण केली, बंद कर. तिनं भुवया उंचावल्या. त्यानं पुन्हा खूण केली.

टाळ्या थांबल्यावर निशिकांत उठला. "म्हणजे आपले पूर्वज घराणं बघून सोयरीक करायचे, ते काही उगाच नाही हं. शास्त्रच आहे हे!"

अरे बाबा, आता तरी बोल! उत्तर याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण आमचा पठ्ठ्या हसला आणि म्हणाला, "हो, म्हणजे... एका अर्थी."

मग खाणं सुरू झालं. कोथिंबीर वडीची बशी पुढे करत निशिकांतनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय सुंदर बोलता हो! तुमच्याकडे बघून कुणी म्हणणार नाही."

"थँक यू," नागसेन म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि त्याचे कान तापले. हातातली वडी त्यानं परत बशीत ठेवली. वडिलांनी किती अभिमानानं त्याला नागसेन हे बौद्ध भिक्खूचं नाव ठेवलं होतं! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेक शेजारीच उभी होती.

बसस्टॉपवर तिनं विचारलंच. "बाबा, कुणी काय म्हणणार नाही?"

आता लपवण्यात काय अर्थ होता? त्यानं सगळं सांगितलं. आपली जात कुठली होती, पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी का भरू देत नव्हते, आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा का घेतली. बोलता बोलता त्यांची बस येऊन निघूनही गेली.

"मग तू थँक यू का म्हणालास?"

"लाज वाटली गं."

"कशाची?"

"आपण कोण आहोत, त्याची."

प्रियदर्शिनीनं खांद्यावरची लॅपटॉपची बॅग खाली ठेवली.

"म्हणजे माझी पण?"

नागसेनला मान वर करवेना.