कडू डब्यांची फिर्याद

ती फिर्याद आठवली की आजही माझे डोके चक्रावते. खून, दरोडे, सागवानाची चोरी, सगळे पाहून झाले होते. पण गुन्हा नेमका कोणाचा हे न कळता बंद केलेले प्रकरण तेवढे एकच.

पोंभुर्णा भागातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. एका सकाळी विद्यापीठातल्या एक संशोधक बाई आल्या. धानाची रोवणी करून गुडघे धरलेल्या बायकांवर त्या एका जंगली मुळीचा परिणाम तपासत होत्या. मुळी दाखवली होती गावच्या म्हाताऱ्या वैदूने. तीस बायकांना नंबर घातलेल्या डब्या दिल्या होत्या. निम्म्या डब्यांत मुळीची पूड, निम्म्यांत तसेच दिसणारे रंगवलेले पीठ. कोणाला काय मिळाले हे मुद्दाम लपवलेले. दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक पडला तरच मुळीचा गुण खरा. महिनाअखेर उरलेली पूड तपासली, तर प्रत्येक डबीत दोन्हींची सारखीच मिसळ!

"साहेब, कोणीतरी डब्या फोडल्या. माझी दोन वर्षं मातीत गेली," बाई म्हणाल्या.

खबऱ्याने सांगितले, वैदूला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, त्या डब्यांजवळ पाहिले. झाले, माझे मत बनले. आपली विद्या बाहेर जाऊ नये म्हणून म्हाताऱ्यानेच घोळ घातला असणार. चौकशीच्या नावाखाली दोन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मी त्याला ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवले.

"डब्या कोणी उघडल्या?"

"मी हात नाई लावला, जी."

"मग कोणी लावला?"

"ज्यायले औषध देतो, त्यायच्या घरची गोष्ट मी सांगत नाई."

माणूस काहीतरी लपवतो आहे हे ओळखायला पोलीसच असावे लागते असे नाही. तो लपवतच होता. काय लपवतो आहे, एवढेच मी चुकीचे धरले.

तिसऱ्या दिवशी गावच्या बायकाच ठाण्यावर आल्या. पुढे एक वयस्क ढिवरीण, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातली बाई होती.

"या बुढ्याले काऊन बसवलं? आमी केलं ते!"

"काय केलं?"

"काई डब्या कडू होत्या, काई नाई. कडूवालीले आराम पडे, दुसरी तशीच कण्हे. मंग साऱ्या डब्या पाळीवर लुगड्यावर ओतल्या अन् सारखे वाटे केले. हा बुढा तर नको म्हणत होता."

त्या गावात तलावातली मासळी पाळीवर ओतून घरटी सारखे वाटे घालतात. औषधाचेही तसेच केले, तर त्यात कोणाला काय गैर वाटणार?

मी बोलावून घेतलेल्या संशोधक बाईंनी कपाळाला हात लावला. निम्म्या डब्यांत पीठच होते, हे त्यांनी सांगितले.

"म्हंजे दुखणाऱ्या बाईले तुमी पीठ देल्लं?" ढिवरीण म्हणाली.

"आधी वाचून दाखवलं होतं. कागदावर तुमचे अंगठे आहेत."

"वाचलं असन. कागद तं सारेच वाचून दाखवतेत. साहेब, आता आमचा बी रिपोर्ट लिवा!"

मी कायद्याचे पुस्तक उघडले आणि तसेच मिटले. फिर्यादी बाई खोटे बोलत नव्हत्या, बायका खोटे बोलत नव्हत्या, आणि ज्याला मी संशयित म्हणून बसवले तोही नाही. वाटे केल्यावर सगळ्यांचेच गुडघे हलके झाले, असे बायका शपथेवर सांगत होत्या. "मुळीमुळे, की सगळ्यांना सारखं मिळालं म्हणून? आता मला कधीच कळणार नाही," म्हणत संशोधक बाई रडायला लागल्या. मलाही कळले नाही. फिर्याद गैरसमजातून झाली असे लिहून मी 'सी समरी', म्हणजे ना खरी ना खोटी म्हणून प्रकरण बंद करण्याचा अहवाल, कोर्टाला पाठवली.

महिन्याभराने कानावर आले की वैदूने औषध देणे बंद केले. पोलिसांनी बसवलेल्या माणसाच्या हाताला गुण राहत नाही, असे तो म्हणे. मला फार लाज वाटली. मी वर्दीतच गावात गेलो आणि चारचौघांत त्याच्यासमोर जमिनीवर बसलो.

"बुवा, माझाही गुडघा दुखतो. मुळी द्या."

तो म्हणाला, "साहेब, तुमचा गुडघा नाई दुखून राह्यला. तुमाले वाईट वाटून राह्यलं. त्याची मुळी माह्यापाशी नाई, जी."

गप्प बसणारा माणूस दोषी असतो, असे मी वीस वर्षे मानत आलो होतो. हा म्हातारा गप्प होता, कारण तीस बायकांनी त्याच्यावर भरवसा टाकला होता. सरकारी कागदावर मी त्याला एका ओळीत मोकळे केले. त्या गावात आता दुखणे घेऊन बायका कोणाकडे जातात, हे विचारायचे धाडस मला आजवर झालेले नाही.