ही दाढ दुधाची न्हाई

माझ्या मुलीची कायमची दाढ मी दुधाची समजून उपटायला घेऊन गेलो होतो. तेव्हा मी गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. चमचाभर दूध हुंगून ते गाईचं की म्हशीचं, आणि त्यात पाणी हौदाचं की टँकरचं, हे मी सांगू शकतो अशी माझी ख्याती होती. ती मीच पसरवली होती.

वर्ष दुष्काळाचं. युसूफ वडगावच्या पलीकडे आमचं गाव. सोसायटीने चारा छावणी घातली होती आणि तिची सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात आली होती. बायको पहाटेच्या एसटीने शाळेवर शिकवायला जायची, मी पहाटेच दूध संकलनाला. मधल्या मधे सहा वर्षांची अर्चू स्वतःची स्वतः वाढत होती. लहानपणापासून झोपताना तिला साखर घातलेली दुधाची बाटली लागायची. पुढचे दात काळे पडले तेव्हा मी म्हणालो, "दुधाचेच आहेत, पडतील." सेक्रेटरीची लेक दुधावर वाढतेय याचा मला अभिमानच होता. मग एक दिवस मागची दाढ ठणकायला लागली, गाल सुजला, आणि मी तिला मोटरसायकलवर बसवून केजला दातवाल्या अक्कांकडे नेलं.

अक्का म्हणजे डॉक्टर रुक्मिण. आडनाव पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. धनगराच्या घरातल्या. वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे, आणि बाजारात मेंढरू घेताना आधी त्याचं तोंड उघडून दातांवरून वय बघायचे: अदात, दोन दाती, चार दाती, की जुळलेलं. तीच नजर अक्कांनी उचलली होती. समोरच्या माणसाचा चेहरा त्या शेवटी बघत. एका लग्नात त्यांनी एका पाहुण्याला हाक मारली, "ओ, खालची डावी दाढ, जेवलात का?" पाहुणा वळला आणि हात जोडून म्हणाला, "जेवलो अक्का." मला म्हणाल्या, "नाव इसरते मी. दाढ इसरत न्हाई."

तर त्या दिवशी मी दारातूनच सांगितलं, "अक्का, दुधाची दाढ आहे, काढून टाका. मला छावणीवर परत जायचंय."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. अर्चू तोंड घट्ट मिटून खुर्चीला चिकटली होती. अक्का तिच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि स्वतःच आ केला. "आधी तू माजं बघ. मी दोन दाती का चार दाती, सांग."

अर्चूने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "लई दाती," ती म्हणाली.

"आता माजी पाळी. आमच्या बापाचं म्हणणं हाय, तोंड उघडल्याबिगर सौदा न्हाई."

तोंड उघडलं. अक्कांनी आरसा फिरवला, बारीक काहीतरी टोचून पाहिलं आणि गप्प झाल्या. अक्का गप्प झाल्या की रोगी घाबरत. इथे बाप घाबरला.

"सेक्रेटरी, ही दाढ दुधाची कुणी सांगितली?"

"दिसतेच आहे. अजून दात पडायचेत तिचे."

"ही कायमची हाय. साऱ्या दुधाच्या दाढांच्या मागं, सहाव्या वर्साला गुपचूप येती. हिच्यासाठी दुधाचा कुठला दात पडत न्हाई, म्हणून ही आल्याचं आईबापाला कळत न्हाई. काढली तर परत यायची न्हाई. काढू?"

मी दारातून आत आलो. अक्का पुढे म्हणाल्या, "कीड खोल गेलीय. मूळ अजून पुरतं झालेलं न्हाई. औषध भरून जगवून बघू. अर्धं माज्या हातात, अर्धं तुमच्या. रातच्याला दात तुमी घासायचे. बापाच्या हातानं. ब्रश पोरीच्या हातात दिला, तर ही दाढ गेलीच समजा. आन् ती बाटली आजपासून बंद."

मी मान डोलावली. सोसायटीच्या बैठकीत ठरावाला डोलावतो तशीच. म्हणजे बाहेर पडेपर्यंत ठराव विसरलेला.

बाटली बंद झाली, ती बायकोने केली म्हणून. ब्रशाचं मात्र माझ्याकडून चार दिवस झालं आणि मग छावणीत चाऱ्याचे ट्रक उशिरा यायला लागले. घरी पोचायचो तेव्हा डोळे मिटलेले असायचे, तिचे नाही, माझे.

एका रविवारी छावणीच्या फाटकाशी अक्कांची जुनी स्कूटर येऊन थांबली. मी चाऱ्याला आलेले उसाचे वाढे कुणाला कमी, कुणाला जास्त यावर वाद घालत होतो. वाटलं, पोरांचे दात तपासायला आल्या असतील. छावणीत जनावरांबरोबर अख्खी घरं मुक्कामाला होती, पोरंही पुष्कळ. पण अक्का सरळ अर्चूकडे गेल्या. सुट्टी म्हणून मी तिला बरोबर आणली होती.

"काल रातच्याला कुणी घासले?"

"मीच."

"बाबा कुठं होते?"

"झोपले होते. बूट घालून."

सगळी छावणी हसली. मी म्हणालो, "अक्का, टँकर दोन दिवस आला नाही. प्यायला पाणी नाही, दात कशाने घासू?"

"पाणी कावून लागतंय?" अक्कांनी पर्समधून ब्रश काढला. "कोरडा घ्या. वाटाण्याएवढी पेस्ट. घासायचं आन् थुंकायचं. चूळ भरायचीच न्हाई, औषध धुऊन जातंय. सेक्रेटरी, दुष्काळ पाण्याचा हाय, थुंकीचा न्हाई."

मी इकडे तिकडे बघायला लागलो, तशा अक्का आवाज चढवून म्हणाल्या, "रोज सकाळी साऱ्या गावाच्या दुधातलं पाणी बघताव. पोरीच्या तोंडात दुधानं काय केलं ते कावून बघत न्हाई?"

मग त्यांनी मला एका रिकाम्या दुधाच्या कॅनवर बसवलं, अर्चूचं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि ब्रश हातात दिला. मागून माझं मनगट धरून त्या दाखवत होत्या, वासराचं तोंड धरून सडाला लावावं तशा. भोवती सभासद उभे. ज्याच्या दुधाला मी आठ दिवसांपूर्वी फॅट कमी लावली होती तो गृहस्थ पुढे येऊन वाकला.

"सेक्रेटरी, फॅट किती लागली?"

"बापाची कमी हाय," अक्का म्हणाल्या, "पोरीची चांगली हाय."

त्या दिवसापासून मी वेळच बदलून टाकली. घरी पोचून जमत नाही, तर छावणीतच. अर्चू शाळेतून तिकडेच यायची, जेवायचीही तिथेच. संध्याकाळच्या धारा झाल्या, तिचं जेवण झालं, की मी कॅनवर बसायचो. सुरुवातीला लोक बघायला जमत. मग एकेक बाप आपलं पोर मांडीवर घेऊन शेजारी बसायला लागला. गाई रवंथ करत आणि आम्ही रांगेने घासत. सोसायटीने त्या साली केलेलं हे एकच काम असं, की ज्याविरुद्ध एकही तक्रार अर्ज आला नाही.

अक्कांकडच्या खेपा चालू होत्या. दर खेपेला त्या दाढ ठोकून बघत, काही बोलत नसत. मी दारात उभा राहून घामेजायचो. बाजरी करपली होती, विहिरी तळाला गेल्या होत्या, त्याचं दुःख साऱ्या गावाचं होतं. पण ही भीती माझ्या एकट्याची होती, आणि ती मीच पेरली होती. शेवटी एका खेपेला अक्का सरळ बसल्या आणि म्हणाल्या, "धरली बघा."

रोप धरलं की म्हणतात तसं. त्या वर्षी आमच्या शिवारात धरलेलं तेवढंच.

गेल्या वर्षी अक्कांनी दवाखाना बंद केला. हात थरथरायला लागला होता. "ज्या हातानं दुसऱ्याच्या तोंडात जायचं, तो कापायला लागला की बाहीर काढावा," असं म्हणून त्या तलवाड्याला भावाकडे निघाल्या. मी सहकारातला माणूस, उपकार फेडायची मला एकच पद्धत ठाऊक. शाल घेतली, नारळ घेतला, भाषण पाठ केलं आणि कॉलेजात शिकणाऱ्या अर्चूला घेऊन गेलो.

खोलीत सामान बांधून ठेवलेलं. अक्कांनी अर्चूचा चेहरा न बघता हनुवटी वर केली, खिडकीकडे वळवली आणि दाढेवर नख ठोकलं. "हाय की," एवढंच म्हणाल्या. मग मात्र त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

 नारळ अक्कांच्या हातात दिला आणि शाल उलगडून मी सुरुवात केली, "अक्का, तुमचे आमच्या घरावर..."

"भाषण ऱ्हाऊ द्या. तुमी आ करा."

"मी कशाला?"

"एवढ्या वर्सात तुमचं तोंड बंद बघितलं न्हाई, पण आतून कधी बघितलं न्हाई. करा."

मी आ केला. तंबाखू आणि सोसायटीचा गोड चहा, दोन्हीचा हिशेब आत होता. अक्कांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. मग हातातला नारळ माझ्या हातात परत ठेवला आणि अर्चूला म्हणाल्या,

"पोरी, असलं जनावर फुकट दिलं असतं तरी माज्या बापानं कळपात घेतलं नसतं."