पिवळं भेदरं

भेदरं हातात आलं की काकू ते अंगठ्याच्या नखानं चिरत, रस जिभेवर घेत आणि डोळे मिटून उभ्या राहत. मग निकाल लागे. "खायचं," किंवा "ठेवायचं." ठेवायचं म्हणजे त्या झाडाचं चांगलं फळ बियाण्यासाठी राखायचं.

टमाट्याला आमच्याकडे भेदरं म्हणतात. तुम्ही ते बाजारात टोपलीभर उचलत असाल. काकू तसं घेत नसत. चपट्या, घड्या पडलेल्या फळाची भाजी चांगली, बोराएवढ्याची चटणी चांगली, आणि जाड सालीचं "नुसतं दिसाले देखनं," असं त्यांचं ठरलेलं होतं. रिसोडला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं. मी नवी सून, बोलायला भिणारी. त्यांना ऐकणारं कोणी हवं होतं, म्हणून आमचं जमलं.

राखलेल्या फळाला त्या हळदीचा दोरा बांधत. "दोरा पाह्यला का लेकरं समजतात, देवाचं हाये. हात लावत नाईत," असं सांगून हसत.

एका हिवाळ्यात त्यांच्या वाफ्यात एका झाडाला पिवळी फळं आली. माळ्याकडून आणलेल्या रोपांत ते कसं आलं, कोणास ठाऊक. काकूंनी चाखलं आणि डोळे बराच वेळ उघडलेच नाहीत.

"ठेवायचं?" मी विचारलं.

"हे माह्या पोरीच्या घरी चालन वं!"

त्यांची एकुलती लेक जवळच्या गावी माळकऱ्यांच्या घरात दिली होती. लाल भेदरं कापलं की मांसासारखं दिसतं, म्हणून त्या घरात ते येत नसे. लेकीचा तर लहानपणापासून भेदऱ्यावर जीव. दिवाळीला ती माहेरी येई तेव्हा फळं हिरवी असत, आणि अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येई तेव्हा झाडं वाळून गेलेली. लग्न झाल्यापासून तिच्या तोंडात भेदरं पडलं नव्हतं.

पुढं धुकं पडलं आणि ते झाड करपलं. एकच फळ वाचलं. काकूंनी त्याला दोरा बांधला आणि पिकायची वाट पाहत राहिल्या.

नेमकी तेव्हा मंगरूळपीरहून त्यांची जाऊ आली. काकू नदीवर धुणं धुवायला गेल्या होत्या. जाऊबाईंनी परसात दोरा बांधलेलं पिकलं फळ पाहिलं. नवस राहून जाऊ नये म्हणून त्यांनी ते तोडलं आणि मारोतीला वाहून आल्या. काकू परतल्यावर मोठ्या कौतुकानं सांगितलं, "तुमी इसरल्या होत्या, मी देऊन आली."

काकू ओल्या लुगड्यानंच देवळाकडे निघाल्या. मी मागोमाग गेले. गुरव फोडी करून वाटत होता.

"मले बियाची फोड द्या."

"परसादात निवड करतं काय, बाई?"

"करतो. द्या."

फोड तोंडात घातली आणि काकूंनी ओठ मिटले. वाटेत पाटलीणबाई भेटल्या, त्यांनी दोनदा हाक मारली. काकू नुसत्या मान हलवून पुढं गेल्या. ही बाई बोलली नाही याचा पाटलीणबाईंना केवढा राग आला! पुढं कितीतरी दिवस त्यांनी अबोला धरला.

घरी येऊन काकूंनी गालातलं बी तळहातावर काढलं.

"प्रसाद थुंकलात?" मला भीतीच वाटली.

"थुकला नाई. पेरून राह्यली मी. पयलं फळ त्यालेच नेऊन देतो."

पेरणीपर्यंत टिकावं म्हणून बी शेणात कालवून त्यांनी भिंतीला थापलं. पुढच्या हिवाळ्यात पहिलं फळ खरंच मारोतीला गेलं. मग टोपली घेऊन आम्ही दोघी बैलगाडीनं लेकीकडे गेलो. विहीणबाईंनी स्वतः विळीवर एक कापून पाहिलं.

"आतून भी पिवयंच हाये. चालते."

लेकीनं भाजी केली. पुरुष जेवले, त्यांनी पुन्हा पुन्हा मागून घेतली. मग विहीणबाई जेवल्या, बोटं चाटली. शेवटी लेक बसली तेव्हा पातेल्यात काही उरलं नव्हतं. तिनं भाकरीच्या तुकड्यानं पातेलं पुसलं आणि तो खाल्ला. काकू दारात बसून पाहत होत्या.

पावसाळ्यात त्या रोपं घेऊन पुन्हा गेल्या. मलाही नेलं. विहीणबाई म्हणाल्या, "आंगनात लावा न, जागा मोकयी हाये."

"इथंच बरं. भांड्याचं पानी लागते," काकू म्हणाल्या, आणि गोठ्यामागं, लेक भांडी घासायची तिथं, त्यांनी रोपं लावली. मग लेकीजवळ वाकून हळूच बोलल्या, "झाडापाशीच खाय. चुलीपाशी कायले नेतं?"

त्या झाडांची फळं काकूंनी पाहिली नाहीत. दसऱ्याच्या आधी तापानं गेल्या.

हिवाळ्यात मी लेकीला भेटायला गेले. ती गोठ्यामागं भिंतीकडे तोंड करून उभी होती. हात राखेनं माखलेले, मनगटावरून पिवळा रस ओघळत होता. मला पाहून दचकली. मग हसली, एक फळ तोडून पदराला पुसलं आणि माझ्यापुढं धरलं. मीही भिंतीकडे तोंड केलं.