फुटक्या

आमच्या काचशिल्पांच्या संग्रहालयात दोनच खोल्या आहेत, आणि त्यांत माणसांपेक्षा काचेचे पक्षी जास्त. मी दारातल्या खिडकीत बसून तिकिटं फाडते. आत पहाऱ्याला होते ते मामा; संग्रहालयात सगळे त्यांना मामाच म्हणायचे. परीक्षेच्या वर्गात मास्तर फिरतात तसे हात मागे बांधून पक्ष्यांमधून फिरायचे. सकाळी मऊ कुंचल्यानं धूळ काढायची वेळ आली की श्वाससुद्धा बेतानं घ्यायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून कशाचा साधा टवका उडाला नाही.

घरी त्यांना फुटक्या म्हणतात, हे त्यांनीच मला सांगितलं. लहानपणी वडिलांचा फ्रेम केलेला फोटो त्यांच्या हातून पडला, काच फुटली आणि त्याच महिन्यात वडील गेले. आईनं दोन्ही गोष्टी ह्यांच्याच नावावर मांडल्या. तेव्हापासून मांजरानं कपबशी पाडली तरी खापर ह्यांच्या डोक्यावर. पन्नाशी उलटली तरी घरात सगळ्यांना चहा कपातून आणि ह्यांना स्टीलच्या मगातून. मी पहिल्यांदा काचेच्या ग्लासात चहा दिला, तर दोन्ही हातांनी ग्लास धरून बसले. चहा निवला तरी पिईनात.

"एकदा आईला इथं आणायचंय," म्हणायचे. "बघू दे तिला, ह्या हातांवर काय काय सोपवलंय ते. मग तरी नावानं हाक मारेल."

आई आली. सोबत थोरला मुलगा आणि त्याची बायको. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. थोरल्यानं दारातूनच आरोळी ठोकली, "काय रे फुटक्या! शिल्लक ठेवलंयस का काही?" वहिनी खिदळली. आई मात्र हसली नाही. "तू लांब उभा राहा बाबा," एवढंच म्हणाली. मामा मुकाट्यानं समोरच्या भिंतीला जाऊन टेकले.

"अहो, ते फोटोचं करून दाखवा ना," वहिनी नवऱ्याला म्हणाली. त्याला तेवढंच हवं होतं. मी खिडकीतून बघत होते.

"हा असा आला तोंड वर करून, फोटो असा धरलेला, आणि..." त्यानं हात फेकला. एका पायावर उभा असलेला निळा बगळा चौथऱ्यावरून खाली आला.

तुकडे घरंगळायचे थांबले नव्हते, तोच आई ओरडली, "फुटक्या! केलंस ना शेवटी!"

बाई खोटं बोलत नव्हती. काही फुटलं की तिच्या तोंडी तेवढंच नाव यायचं. थोरल्यानं आपला हात हळूच खिशात घातला आणि म्हणाला, "जाऊ दे गं आई, नशीबच तसं त्याचं."

काचेचा आवाज आणि आईची ती हाक ऐकून संग्रहालयाचे साहेब धावत आले. मी खिडकी सोडून आत गेले. "साहेब, मामा तिकडे भिंतीपाशी होते. ह्या थोरल्यांनी पाडला. मी पाहिलंय."

"तुम्ही मध्ये पडू नका," आई मला म्हणाली. "त्याचे हात आम्ही ओळखतो."

साहेब मुळात वाईट नाहीत. म्हणाले, "मामा, तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणालात की विषय संपला."

एक 'नाही' म्हणायचं होतं. नोकरी वाचत होती, अब्रू वाचत होती. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा, अहो म्हणा! मामांनी आईकडे पाहिलं. मग मागे बांधलेले हात पुढे घेतले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे उलटेपालटे करून बघितले.

"माझ्याच हातून झालं असणार, साहेब."

मला त्यांचा इतका राग आला की एक मुस्कटात ठेवून द्यावीशी वाटली. थोरला तोवर बसचं निमित्त काढून रस्त्याला लागला होता.

त्याच दिवशी मामांना काढलं. जाण्याआधी सगळे तुकडे त्यांनीच वेचले. बोटाला साधी चीर पडली नाही.

संध्याकाळी साहेब माझ्या खिडकीशी आले. इतकी वर्षं मामांना अहो-जाहो करणारा माणूस. कुलपाकडे बघत मला म्हणाले, "तो फुटक्या किल्ल्या देऊन गेला ना?"