अकराव्या अंकातलं परीक्षण

रॉक संगीतावर मराठीत अंक काढायचा हे खूळ माझं. मी तेव्हा हिंजवडीत नोकरीला होतो, नांद्यात भाड्यानं राहायचो आणि आपल्याला संगीतातलं सगळं कळतं असा माझा दांडगा समज होता. डोंबलाचं कळत होतं! पण अंक निघाले, चांगले अकरा निघाले, ते माझ्या मित्रामुळे.

तो उरवड्याचा. गावाजवळच्याच कारखान्यात कामाला, गिटार वाजवायचा, स्वतःची गाणी रचून गायचा. अक्षर असं की बघत राहावं. टाइप करून टाकू, असं मी म्हणालो तर म्हणाला, "टाइप केलेली तर कंपनीची नोटीस बी असती. आपला अंक हातानंच लिवायचा." मग मी मजकूर मोबाइलवर पाठवायचो, तो काळ्या पेनानं कागदावर उतरवायचा आणि पिरंगुटला झेरॉक्स काढायच्या. ताम्हिणीच्या एका ढाब्यावर आम्ही गठ्ठा ठेवायचो. घाटात फिरायला आलेली बाइकवाली पोरं भजी खात वाचायची आणि हातही त्यालाच पुसायची, मेली. आम्हाला त्याचंही कौतुक.

नियम दोनच. परीक्षणाखाली नाव टाकायचं नाही आणि एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं एका अक्षरानंही बदलायचं नाही. पुण्यातले बँडवाले एकमेकांना नुसतं चढवून ठेवतात, आपण तसलं करायचं नाही, हा आमचा बाणा. त्यापायी आम्ही बऱ्याच जणांची सालटी काढली. खोटं कशाला बोलू, फार मजा यायची.

मग त्याच्याच बँडनं सहा गाणी रेकॉर्ड केली. चौघांच्या सुट्टीच्या सगळ्या दुपारी त्यात गेल्या होत्या. गाणी मला पाठवून तो म्हणाला, "परीक्षण तूच लिव. माझा बँड हाय म्हणून सोडू नको."

"सोडतोय कुठला!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी दोन गाणी ऐकली. तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला, त्यानं कशावरून तरी झापलं आणि माझं डोकं फिरलं. उरलेली चार गाणी मी ऐकलीच नाहीत. आणि तरी, त्याच फिरलेल्या डोक्यानं, बसमध्येच लिहून काढलं. मित्राला सूट देत नाही हे दाखवायच्या नादात आधी कुणाला लावली नव्हती एवढी धार लावली. शेवटची दोन वाक्यं अजून पाठ आहेत: 'यातली दोन ऐकली की सहाही ऐकल्यासारखी वाटतात. या मुलांनी आता वाद्यं खाली ठेवावीत.' काय पण माज!

अंक झेरॉक्स होऊन आला. त्याच्याच सुंदर अक्षरात, काना-मात्रेचाही फरक न करता.

"काय, लागलं का?" मी हसत विचारलं.

"न्हाई. चांगलं लिवलंयस."

मला ते खरंच वाटलं. पण महिन्याभरात ड्रमवाला बँड सोडून गेला, मग बाकीचे दोघं. त्यानं गिटार कुणाला तरी देऊन टाकली. बाराव्या अंकाचा मजकूर मी पाठवला, त्यानं 'शिफ्ट हाय' एवढंच कळवलं. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. मीही फुरंगटलो. नियम दोघांनी मिळून केले होते ना, मग आता का रुसायचं? अशा तोऱ्यात मी वर्षं घालवली, आणि आत कुठेतरी ती चार गाणी टोचत राहिली.

गेल्या महिन्यात राहवेना म्हणून एका रविवारी सकाळी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं चहा दिला. ती आत गेल्यावर मी एका दमात बोलून टाकलं, "मी तुझी दोनच गाणी ऐकली होती. बाकीची न ऐकताच लिहिलं."

"ठाव हाय मला," तो शांतपणे म्हणाला. "उतरवतानाच कळलं."

"कसं काय?"

"तिसरं गानं आपल्या अंकावर हुतं. तुज्यावर बी हुतं. तू ऐकलं असतंस तर वाईट का हुईना, कायतरी लिवलंच असतंस."

"अरे मग फोन करायचास! शिव्या घालायच्यास! तसंच्या तसं उतरवलंस कशाला?"

"बदलायचं न्हाई आसं ठरलं हुतं न्हवं."

 ते तिसरं गाणं आहे का, म्हणून मी विचारलं. माझा तो फोन कधीच गेला होता. त्याच्याकडेही नव्हतं, चौघांनीही सगळं पुसून टाकलं होतं.

"एखादी ओळ तरी म्हण," मी गयावया केली.

त्यानं कप खाली ठेवला. ओठ हलवून बघितले, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला, परत पहिल्यापासून धरला. तो मला शिक्षा म्हणून टाळतोय असं असतं तर किती बरं झालं असतं. पण तो मनापासून आठवत होता.

"न्हाई येत," तो म्हणाला.