तांब्या आणि बोट

अकोल्याच्या जुन्या शहरात मे महिन्यातल्या भर दुपारी कूलर बंद ठेवणारा माणूस एक तर वेडा, नाही तर चिक्कट. हरिहर सरांना गल्लीने दोन्ही पदव्या बहाल करून टाकल्या होत्या.

“बाईले लकवा मारला, अन् हा मानूस कूलरई लावू देत नाही!” शेजारच्या आशाबाई पदराने वारा घेत घरोघर सांगून यायच्या.

खरं काय ते त्यांना कोण सांगणार?

सरांच्या बायकोचा, अनसूयाबाईंचा, उजवा हात दिवाळीत लकव्याने गेला. व्यायाम करून घेणारी मुलगी येई, बोटं वळवून जाई. होळीनंतर बाईंनी हात पुढे करणंच सोडलं. “मेलेल्याला... काय खेळवता,” त्या अडखळत म्हणाल्या. हात मेला नाही हे सरांना दाखवायचं होतं. त्याआधी स्वतःला पटवायचं होतं.

सरांची हयात कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. तिथल्या जुन्या यंत्रात तारेतून इवलीशी वीज गेली की लटकता आरसा केसभर फिरे, आणि आरशावरून परतलेला उजेडाचा ठिपका समोरच्या पट्टीवर वीतभर सरके. सरांनी आरशाचा कपचा घेतला, बायकोच्या कुंकवाच्या करंड्यातलं मेण लावलं, आणि तो तिच्या तर्जनीच्या नखावर बसवला. स्टुलावर लाल लेसरची बॅटरी अशी बांधली, की किरण आरशावरून परतून भिंतीवर पडावा.

“अनसूया, हलव.”

भिंतीवरचा ठिपका थरथरला. बाईंचे डोळे भरून आले. “मी?”

दुसऱ्या दिवशी खातरजमा म्हणून सरांनी तोच आरसा खाटेवर ठेवलेल्या तांब्याला चिकटवला. ठिपका तसाच थरथरला! तांब्याला कसली आली इच्छा? खिडकीतला कूलर धडधडत होता. त्याचा हादरा फरशीतून खाटेत येत होता.

प्रयोग न करता मनाचे आकडे लिहिणाऱ्या पोरांना आयुष्यभर नापास करणारा हा माणूस तांब्या हातात घेऊन उभा राहिला. हे सांगितलं नाही, तर बायको आनंदात राहणार होती.

बाई सगळं बघत होत्या. “कूलर... बंद करा,” त्या म्हणाल्या. मास्तराबरोबर संसार फुकट नव्हता केला.

कूलर बंद झाला. तांब्यावरच्या आरशाचा ठिपका भिंतीवर गोठला. मग आरसा बोटावर आला. घामाच्या धारा लागल्या. ठिपका हलेना. सरांनी मान खाली घातली.

“काहून वो सर, कूलर बिघडला का? मिस्तरीले फोन लावू?” दाराशी आशाबाई.

“नको!” दोघंही एकदम ओरडली.

सरांनी वर पाहिलं. ठिपका बोटभर सरकला, थांबला, हळूच जागेवर आला.

सर बायकोकडे वळले.

“पुन्हा,” अनसूयाबाई म्हणाल्या. “आधी... तांब्या.”